प्रकल्प नोंदी: चेतापेशी, माकूल आणि एक किलोमीटरची दोरी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक आलंय. बारावीच्या बायोलॉजीच्या ग्रुपने विषय आधीच ठरवून टाकलाय, चेतासंस्थेतल्या पेशी आणि त्यांची कामं, आणि कच्चं डिझाईन पण काढून आणलं. मधोमध भलामोठा न्यूरॉन (चेतापेशी), त्याच्यात एलईडीची पट्टी, बटण दाबलं की लाईट पळणार. खाली कोपऱ्यात वहीच्या पानाएवढी चौकट, तिच्यात लिहिलंय "इतर पेशी". मी विचारलं ह्या इतर म्हणजे कोण रे, तर म्हणे मॅडम त्या सपोर्टला असतात, एका मार्काला येतात.

दरवर्षी हेच. कुठलंही प्रदर्शन बघा, एक न्यूरॉन आणि एक लाईट. माणसाच्या मेंदूत न्यूरॉन साधारण ८६०० कोटी आणि ह्या "इतर" पेशी, म्हणजे ग्लिया, त्याही जवळपास तेवढ्याच, आणि त्यांना जागा किती तर कोपरा. म्हटलं लाईट राहू दे, पण निम्मा बोर्ड ग्लियाला द्यायचा, नाहीतर मी फॉर्मवर सही करणार नाही. कुरकुर झाली थोडी. एकजण हळूच म्हणाला, पण त्यांच्यात लाईट पेटत नाही ना मॅडम. बरोबर आहे त्याचं, ग्लिया काही न्यूरॉनसारखे झटपट विजेचे सिग्नल पळवत नाहीत, आणि म्हणूनच कित्येक वर्षं शास्त्रज्ञांनी पण त्यांच्याकडे फारसं बघितलं नव्हतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज स्केल ठरवली. १ मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर, सरळ हजारपट. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जे मोठे मोटर न्यूरॉन असतात, स्नायूंना हुकूम देणारे, त्यांचं मुख्य शरीर ७० मायक्रॉन धरलं तर ७ सेंटीमीटर होतं, प्लास्टिकच्या बॉलमध्ये काम भागतं. त्यातून सिग्नल पुढे नेणारी जी लांब शेपटी निघते, तो अ‍ॅक्सॉन आवरणासकट दीड सेंटीमीटर जाड, म्हणजे एक जाडसर दोरी. इथपर्यंत सगळे खूश होते. मग लांबी काढली. कंबरेपाशी निघून पायाच्या पंजापर्यंत जाणारा अ‍ॅक्सॉन मोठ्या माणसात १ मीटरच्या घरात असतो, आणि तो एकाच पेशीचा असतो, मधे कुठे जोड नाही. हजारपट म्हणजे १ किलोमीटर. वर्गात शांतता. ७ सेंटीमीटरचा बॉल आणि त्याला एक किलोमीटर दोरी! कॉलेजच्या गेटपासून सोडली तर बाजारपेठ ओलांडून जाईल.

पुस्तकातल्या चित्रात अ‍ॅक्सॉन बोटभर दाखवतात, पानात मावायला हवा म्हणून, आणि मुलांच्या डोक्यात तीच आकृती बसते. ठरलं की २० मीटर दोरी खरी लावायची, व्हरांड्यात कठड्याच्या कडेने, आणि उरलेली किती ते गावाच्या नकाशावर लाल रेघेने दाखवायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काथ्याची दोरी मिळाली, आवरणासाठी पोरांनी जुनी निळी ताडपत्री आणली. मायलीनचं आवरण म्हणजे अ‍ॅक्सॉनवर लावलेला रंग किंवा तेल असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात ती अख्खी जिवंत पेशी आहे. हातापायाच्या नसांमध्ये श्वान पेशी अ‍ॅक्सॉनला बिलगते आणि स्वतःचाच पातळ पडदा त्याच्याभोवती गुंडाळत जाते, आंबापोळीची गुंडाळी करतात तशी, फेऱ्यावर फेरे, जाड अ‍ॅक्सॉनवर शंभरच्या आसपास पण फेरे होतात. एक श्वान पेशी जाड अ‍ॅक्सॉनचा साधारण १ मिलिमीटर तुकडा सांभाळते, मग १ मायक्रॉनची फट, मग पुढची पेशी. ह्या फटींना रॅन्व्हिएच्या गाठी म्हणतात. आमच्या स्केलमध्ये १ मीटर ताडपत्री आणि मग १ मिलिमीटर फट, जी दिसतच नाही, तिथे लाल दोरा बांधावा लागला. सोडियमचे दरवाजे, म्हणजे पडद्यातली ती छिद्रं ज्यांतून सोडियम आत शिरलं की सिग्नल उठतो, मुख्यतः ह्या फटींतच दाटीने असतात, त्यामुळे सिग्नल फटीफटीला नव्याने उसळतो आणि मधला पट्टा झपकन पार करतो. जाड मायलीनवाल्या तंतूत वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो, आणि बिनमायलीनच्या बारीक तंतूत, ज्यातून ठणका आणि जळजळ वर पोचते, तिथे सेकंदाला १ मीटरच्या आसपास. म्हणून पायाला ठेच लागली की आधी लागल्याचं कळतं आणि खरी कळ जरा मागाहून येते.

हिशोब करता करता एक मुलगी म्हणाली, म्हणजे एक किलोमीटरला हजार श्वान पेशी, एका न्यूरॉनच्या एका शेपटीमागे हजार जण कामाला. हेच वाक्य बोर्डावर जसंच्या तसं घ्यायचं, मी काही बदलणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

स्लाईडचा दिवस. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की मान आणि खांदा ह्यांच्या मधला कण्याचा तुकडा न चिरता ठेव, कारण तो कणा उभा फोडतो तेव्हा आतला मज्जारज्जू चेचून जातो. मानेखालच्या ह्या भागात पुढच्या पायांना जाणारे मोटर न्यूरॉन असतात, म्हणून तिथे मोठ्या पेशी मिळायची शक्यता जास्त. मज्जारज्जू बाहेर काढला की करंगळीएवढी पांढरी मऊ वात दिसते. ती आडवी कापली की मधे करडा, फुलपाखरासारखा आकार आणि भोवती पांढरं. पांढरं दिसतं ते मायलीनमुळे, आणि करड्यात पेशींची शरीरं.

करड्या भागाच्या पोटाकडच्या शिंगातून टाचणीच्या डोक्याएवढा कण घेतला, दोन काचपट्ट्यांमध्ये दाबला, सरकवून वेगळ्या केल्या, वाळवल्या, मेथिलीन ब्लू टाकून काही मिनिटं ठेवलं आणि हलक्या पाण्याने धुतलं. मेथिलीन ब्लू लॅबमध्ये संपलं होतं, फिश टँकवाल्याकडे बुरशीवरचं औषध म्हणून मिळतं, पातळ असतं पण थोडा वेळ जास्त ठेवलं की चालतं.

दहाच्या लेन्सखाली आधी सगळा निळा चिखल. मग सरकवता सरकवता एकदम एक पेशी, निळी, चारपाच बाजूंना हात पसरलेली, मधे फिकट गोल केंद्रक आणि त्याच्या आत एक गडद ठिपका. ज्याने शोधली तो मायक्रोस्कोप सोडायलाच तयार नाही, मागे रांग. सगळ्यांचं बघून झाल्यावर मी विचारलं की ह्या एका पेशीच्या भोवती जे बारीक गडद निळे ठिपके विखुरलेत ते काय? कचरा, रंगाचे कण, अशी उत्तरं आली. तो कचरा नव्हे, ती ग्लिया पेशींची केंद्रकं. मेथिलीन ब्लूमध्ये त्यांचे हातपाय दिसत नाहीत, नुसतं केंद्रक उमटतं. मोजून बघा म्हटलं, एका न्यूरॉनच्या आसपास किती ठिपके, तर मोजता मोजता कंटाळले. त्यानंतर निम्म्या बोर्डाबद्दल कोणी कुरकुरलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

इतिहासाचा पॅनल. हा मला लहान ठेवायचा होता पण गोष्टच अशी आहे की वाढत गेला. कॅमिलो गॉल्जी, इटलीतल्या अबियातेग्रासो गावच्या हॉस्पिटलात नोकरीला, तिथल्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केलेली. १८७३ साली त्याने पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून मेंदूच्या तुकड्यातल्या काही मोजक्याच पेशी संपूर्ण काळ्या रंगवून दाखवल्या. शंभरातल्या फार थोड्या रंगतात, त्याच का रंगतात हे आजही नीट सुटलेलं नाही, पण सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा ठोकळा दिसला असता. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने पुढे हीच पद्धत सुधारून वापरली आणि ठामपणे मांडलं की प्रत्येक न्यूरॉन सुटा आहे, एकमेकांना चिकटून एक जाळं नाहीये. गॉल्जीचं मत नेमकं उलट, सगळं एकच सलग जाळं. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं आणि गॉल्जीने तिथल्या भाषणातही काहालच्या सिद्धांतावर टीका केली. पोरांना हे भांडण फार आवडलं. पुढे १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दोन न्यूरॉनच्या मधली फट दिसली, २० नॅनोमीटरच्या आसपास, आणि काहाल बरोबर ठरला.

ग्लियाचं नशीब तेव्हाही उशिराचंच. काहालचाच शिष्य पीओ देल रीओ ओर्तेगा, त्याने १९१९ नंतर मायक्रोग्लिया आणि ऑलिगोडेंड्रोसाइट ह्या दोन वेगळ्या जाती म्हणून दाखवल्या. काहालला ते सगळं सहज पटलं नव्हतं म्हणे. ह्याचा फोटो काहालएवढाच मोठा लावायचा.

२३ नोव्हेंबर, रविवार

हर्णै बंदर, संध्याकाळचा लिलाव. मार्गशीर्ष लागलाय त्यामुळे गर्दी जरा कमी असेल असं वाटलं होतं पण रविवार होता, पर्यटकांच्या गाड्याच गाड्या. आम्हाला हवं होतं माकूल (स्क्विड), टोपलीतलं सगळ्यात मोठं आणि त्याच दिवशीचं. मावशी आधी भाव सांगत होत्या, मग मी एकेक उचलून कातडी बघायला लागले तेव्हा म्हणाल्या, खायला न्हाय तर कशाला गो नेतेस? म्हटलं नस बघायची आहे त्याची. त्या शेजारणीकडे बघून हसल्या, पण निवडून दिली चांगली.

लगेच लॅबमध्ये. ग्रुपमधल्या दोघीतिघी मच्छीमारांच्या घरच्या, माकूल साफ करण्यात माझ्यापेक्षा शंभरपट तरबेज, त्यामुळे सुरी त्यांच्याच हातात. नेहमीसारखं ओढून आतलं काढायचं नाही, माकूल ज्यातून पाणी फेकतं त्या नळीच्या बाजूने आवरण उभं चिरायचं आणि पुस्तकासारखं उघडायचं, शाईची पिशवी फुटू न देता. आवरणाच्या आतल्या बाजूला, कल्ल्यांच्या जवळ, डावीउजवीकडे एकेक बारीक पिवळट गाठ दिसते आणि तिच्यातून चांदणीसारखे तंतू फाकलेले असतात. सगळ्यात मागे, शेपटीच्या पंखाकडे जाणारा तंतू सगळ्यात लांब, आणि त्यात ती प्रसिद्ध नस, जायंट अ‍ॅक्सॉन. भिंगाखाली टाचणीने भोवतालचे धागे बाजूला सारले की मधे एक काचेसारखी पारदर्शक नळी. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा एक अ‍ॅक्सॉन! आमचा केसापेक्षा चांगलाच जाड होता, मोठ्या माकुलांत तो अर्धा मिलिमीटर, कधी १ मिलिमीटरपर्यंत जातो. आपले सगळ्यात जाड अ‍ॅक्सॉन २० मायक्रॉन. जितकं लांब जायचं तितका तंतू जाड, म्हणजे जवळचा आणि लांबचा स्नायू एकाच वेळी आवळतो आणि माकूल पाण्याची पिचकारी मारून मागच्या मागे सटकतं.

जे. झेड. यंगने १९३६ च्या सुमारास ही नस आहे हे ओळखलं. हॉजकिन आणि हक्सली ह्यांनी १९३९ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथला तिच्या आत तार सरकवून सिग्नलचा व्होल्टेज मोजला, मधे युद्ध आलं, मग १९५२ मध्ये सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर हे सगळं गणितात मांडलं, १९६३ चं नोबेल. पुढे असंही करून बघितलं की ह्या नळीतला गर रोलरने दाबून बाहेर काढायचा आणि योग्य क्षारांचं पाणी आत भरायचं, तरीही सिग्नल जातो. म्हणजे सगळी जादू पडद्यात.

आणि एक गंमत, हा जायंट अ‍ॅक्सॉन एका पेशीचा नसतोच, अनेक लहान न्यूरॉनचे अ‍ॅक्सॉन मिसळून एक झालेला असतो. गॉल्जीला कळलं असतं तर केवढा खूश झाला असता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कालच्यावरून फळ्यावर गणित. माकुलाचा ५०० मायक्रॉनचा उघडा अ‍ॅक्सॉन सेकंदाला २५ मीटर वेग देतो. बेडकाचा १२ मायक्रॉनचा मायलीनवाला अ‍ॅक्सॉन पण साधारण तेवढाच. व्यास चाळीस पटीने कमी, कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ सतराशे पटीने कमी, वेग तोच. आता आपल्या एका डोळ्याच्या नसेत १० लाखांच्या आसपास अ‍ॅक्सॉन असतात. ते सगळे माकुलासारखे अर्धा मिलिमीटरचे केले तर जुडगा किती जाड होईल? दहा लाखाचं वर्गमूळ हजार, गुणिले अर्धा मिलिमीटर, म्हणजे अर्धा मीटर. डोळ्यामागे अर्धा मीटर जाडीची केबल, डोकं कुठे ठेवायचं? खरी नस आहे ३-४ मिलिमीटर.

मागच्या बाकावरून प्रश्न आला की कोळंबीचं काय, ती पण उडी मारून पळते. प्रश्न जबरदस्त आहे, कारण पेनियस जातीच्या कोळंब्यांनी मायलीनसारखं आवरण स्वतंत्रपणे कमावलंय, आणि त्यांच्या जाड तंतूत सेकंदाला २०० मीटरच्या आसपास वेग मोजलाय, आपल्यापेक्षा जास्त. एकाच टोपलीत दोन उपाय, माकुलाने तार जाड केली आणि कोळंबीने तार गुंडाळली. हा पॅनल प्रवेशद्वाराशीच लावायचा, ह्याला इकडच्या माणसांना काही समजावून सांगायला लागणार नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार, अर्ध्या मुली घट मांडून उशिरा आल्या. मेंदूच्या आतल्या ग्लियाचा पॅनल पूर्ण. मेंदूत आणि मज्जारज्जूत गुंडाळायचं काम ऑलिगोडेंड्रोसाइट करते, आणि ती श्वान पेशीसारखी एकाच तुकड्याला बांधलेली नसते, एक पेशी वेगवेगळ्या अ‍ॅक्सॉनवरचे पन्नासपर्यंत तुकडे गुंडाळते. जाळ्याचा जुना बोया घेऊन त्याला दोऱ्यांचे हात केलेत, मस्त दिसतंय. म्हणून ह्यातली एक मेली की एकदम बऱ्याच ठिकाणी उघडं पडतं, मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या आजारात हेच आवरण जातं.

अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणजे एक पाय रक्तवाहिनीवर आणि दुसरा हात सिनॅप्सवर, म्हणजे दोन न्यूरॉनच्या जोडावर. न्यूरॉननी सिग्नल दिल्यावर बाहेर साचलेलं पोटॅशियम उचलणं, सांडलेलं ग्लुटामेट (न्यूरॉन निरोप द्यायला सोडतात ते रसायन) शोषून घेणं, खाणं पुरवणं. ग्लुटामेट तसंच साचू दिलं तर न्यूरॉन उत्तेजित होऊन होऊनच मरतात. मायक्रोग्लिया ही तर बाहेरून आलेली मंडळी, गर्भाच्या पीतक कोशात तयार होऊन मेंदू घडत असतानाच आत शिरतात आणि तिथेच राहतात, मेलेल्या पेशी खातात, नको असलेले सिनॅप्स छाटतात. एपेंडायमल पेशी मेंदूतल्या पोकळ्यांना आतून अस्तर लावतात, त्यांच्या केसांच्या हालचालीने तिथलं पाणी हलतं राहतं. ते पाणी दिवसाला अर्धा लिटर बनतं, एका वेळी असतं फक्त १५० मिली, म्हणजे दिवसातून तीनदा वगैरे बदललं जातं.

३० नोव्हेंबर, रविवार

एका मुलीच्या वडिलांचा तळहात कोयत्याने कापला होता, मनगटाच्या जरा पुढे, टाके घालून नस जोडली होती. बोटांचं टोक बधिर राहिलं आणि मग काही महिन्यांनी मुंग्या येत येत जाणीव परत आली. तिने विचारलं हे कसं. कापलेल्या अ‍ॅक्सॉनचा पुढचा तुकडा मरतो, श्वान पेशी तो साफ करतात, पण स्वतः रांग लावून राहतात आणि नव्या टोकाला वाट दाखवतात, वाढीचा वेग रोज १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत जवळजवळ सहा महिने, तिच्या आठवणीशी जुळलं. आमच्या दोरीवर तेच रोज १ मीटर. मज्जारज्जूत मात्र असं होत नाही, तिथली ऑलिगोडेंड्रोसाइटची मायलीन उलट वाढ अडवते.

ह्याच पॅनलवर कुष्ठरोग घेतला. त्याचा जंतू, हॅन्सनने नॉर्वेत शोधला तोही १८७३ लाच, राहतो श्वान पेशींत. म्हणून चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, कोपराजवळची नस जाड लागते, हात भाजला तरी समजत नाही. बोटं झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे नाही, जाणीव गेल्याने होणाऱ्या जखमांमुळे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि लवकर घेतलं तर नस वाचते, हे मोठ्या अक्षरात लिहा म्हटलं, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल. आणि यंदा जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली होती तेव्हा सगळ्यांच्या घरी चर्चा झाली होतीच. पोटाच्या इन्फेक्शननंतर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते, काही जणांत मायलीनवर, काहींत थेट अ‍ॅक्सॉनवर. नुसतं मायलीन गेलं असेल तर श्वान पेशी परत गुंडाळतात म्हणून बरेच जण सुधारतात.

३ डिसेंबर, बुधवार

न्यूरॉनचे प्रकार एका पट्टीत उरकले, ते सगळ्यांना पाठच असतात: संवेदी, मोटर, मधले. आकाराने एकध्रुवी, द्विध्रुवी, बहुध्रुवी. त्यात फक्त लहान मेंदूला जास्त जागा दिली, कारण वजनाने तो मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा आणि ८६०० कोटींपैकी ६९०० कोटी न्यूरॉन तिथे, बहुतेक सगळे चिमुकल्या ग्रॅन्युल पेशी. आणि त्यांचं ऐकणारी पर्किंजे पेशी, एकीवर लाखाच्या वर सिनॅप्स. तारेची जाळी कापून बनवलीय, अजून एक फांदी वाकडी आहे.

१० डिसेंबर, बुधवार

प्रदर्शन झालं. लोकांनी सगळ्यात जास्त काय विचारलं तर विंचू, मण्यार आणि केंड मासा. मुलांनी तयारी केली होती म्हणून निभावलं. केंडाचं विष सोडियमचे दरवाजे बंद करतं, सिग्नल उठतच नाही. लाल विंचवाचं विष ते दरवाजे लवकर मिटूच देत नाही, हृदय वगैरे आपोआप चालवणाऱ्या स्वायत्त नसा बेफाम सुटतात आणि हृदयावर ताण येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून इथल्या कितीतरी लोकांना वाचवलं, हे नाव घेतल्यावर एक आजोबा थांबून बराच वेळ बोलत बसले. मण्यार न्यूरॉनचं रसायन सोडणारं टोकच निकामी करते, नागाचं विष स्नायूवरचा ते रसायन झेलणारा रिसेप्टर अडवतं. श्वास दोघांतही थांबू शकतो, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका हेही सांगितलं.

परीक्षकांनी एकच अडकवणारा प्रश्न विचारला, ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात ना? बाजारातल्या गाईडमध्ये तेच छापलंय. ज्याला लाईट पेटत नाही म्हणून वाईट वाटलं होतं त्यानेच उत्तर दिलं, ते जुनं, २००९ मध्ये मेंदूचं सूप करून केंद्रकं मोजली तेव्हा जवळपास एकास एक निघालं, आणि मग त्यांना हाताला धरून मायक्रोस्कोपकडे घेऊन गेला. जिल्ह्याला निवड झालीय.

१३ डिसेंबर, शनिवार

जिल्ह्यासाठी करायचं: स्लाईडचा निळा रंग उतरत चाललाय, नवीन कण्याचा तुकडा सांगून ठेवणे. माकूल नेता येणार नाही, वास सुटतो, फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेलं बरणीतलं एक आणि जवळून काढलेले मोठे फोटो. कोळंबीचा पॅनल लॅमिनेट. पर्किंजेची वाकडी फांदी. दोरी २० मीटरच न्यायची, नकाशा मात्र तिथल्या शहराचा नवीन काढावा लागेल, एक किलोमीटर कुठून कुठे जातं ते ज्या पोरांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांनी शोधून सोमवारी आणायचं.